निनेटचा नारिंगी स्कार्फ

मी एक जुनी शिशाची बाहुली आहे, तुमच्या करंगळीएवढी. माझे नाव निनेट. मित्रांनो, ब्रसेल्समध्ये कोणालाही विचारा, फुग्यात बसून गावोगाव उडणारी कॉमिकमधली निनेट कशी दिसते? निळा कोट, पिवळे बूट, लाल स्कार्फ, असेच उत्तर येईल. आज मीही तशीच दिसते. काचेच्या कपाटात दिव्याखाली उभी असते, येणारे-जाणारे कौतुक करतात. तरी मला इथे फार एकटे वाटते, आणि त्याचे कारण माझ्या गळ्यात आहे.

साच्यातून निघाले तेव्हा मी नुसती करडी होते. कारखान्याने मला गिस्लेनकडे पाठवले. तिने मला रंगवायचे आणि माझ्याकडे बघून कारखान्यातल्या बायकांनी माझ्या बाकीच्या बहिणी रंगवायच्या, असे ठरले होते. गिस्लेनचा नवरा लाँबेर निनेटची चित्रे काढायचा. त्यांत रंग भरायची गिस्लेन. त्या काळी आमच्याकडे चित्रकारांच्या घरोघरी हीच रीत होती. रेषा नवऱ्याच्या, रंग बायकोचे आणि पुस्तकावर नाव एकट्या नवऱ्याचे. गिस्लेनला त्याचे काही वाटत नाही, असे लाँबेर सगळ्यांना सांगे. तिला मात्र कोणी विचारले नव्हते.

तिने मला दारूच्या बाटलीच्या एका बुचावर चिकटवले आणि बूच हातात धरून रंगवायला बसली. आधी पांढऱ्या रंगाचे अस्तर. मग कोटाचा निळा, घड्यांमध्ये गडद, कडांवर उजळ. ब्रशला टोक यावे म्हणून ती तो ओठांत धरी, त्यामुळे जेवणाच्या वेळी तिची जीभ निळी दिसायची. डोळे रंगवताना तिने श्वास रोखून धरला, आणि मी पहिल्यांदा जग पाहिले ते तिचा चेहरा होऊन समोर आले. स्कार्फ तिने शेवटी रंगवला, नारिंगी.

तो रंग तिचा स्वतःचा होता. लहानपणी एका कडक हिवाळ्यात, घर कोळशाला महाग झालेले असताना, संत निकोलसच्या सणाच्या सकाळी, मुलांनी रात्री दाराशी ठेवलेल्या बुटांत खाऊ सापडतो तेव्हा, तिच्या बुटात एकच संत्रे निघाले होते. बाहेर आभाळ करडे, घरात भिंती करड्या, आणि हातात ते संत्रे. निनेटची पहिली गोष्ट साप्ताहिकात आली, तेव्हा तिने कोणालाही न विचारता स्कार्फ त्याच रंगाचा केला. पुढे पुस्तक काढताना प्रकाशकाने तो लाल करून टाकला.

मला बघायला कारखान्याचे बोडारसाहेब घरी आले. लाँबेरही बसला होता. साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिले.

"काम सुरेख आहे, मॅडम. पण स्कार्फ लाल हवा. पुस्तकात लाल आहे."

"पहिल्या गोष्टीत नारिंगी होता," गिस्लेन म्हणाली. "लाँबेर, तू तरी सांग ना यांना."

लाँबेर कॉफीत साखर ढवळत राहिला. ती केव्हाच विरघळली होती.

"लालच असू दे, गिस्लेन," तो शेवटी म्हणाला. "एवढ्याशा फडक्यासाठी कशाला वाद घालतेस?"

तिने वाद घातला नाही. कारखान्यासाठी दुसरी बाहुली लाल स्कार्फची रंगवून दिली आणि मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. माझ्या बहिणी दुकानांत गेल्या, मुलांच्या खिशांत गेल्या. मी ट्राम बघत बसले. मला हेवा वाटायचा, खोटे कशाला बोलू? लाँबेर गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्या रंगांचे भरभरून कौतुक केले. गिस्लेनने ते सगळे वाचले, घडी घातली आणि त्यावर बटाटे सोलायला घेतले. मग तिने मला उचलून बोटाने धूळ पुसली.

"निदान तुझ्या गळ्यात तरी मी आहे गं," ती म्हणाली.

त्यानंतर बोलायला तिला मी आणि मला ती, एवढेच होते. एका हिवाळ्यात तिला दवाखान्यात नेले, ती परत आली नाही. घर रिकामे करणाऱ्यांनी मला चमच्यांबरोबर खोक्यात टाकले आणि जुन्या बाजारात नेऊन मांडले. तिथे मी जुन्या बाहुल्या जमवणाऱ्या तिबोच्या हाती लागले. माणूस मोठा प्रेमळ. मला बघताच त्याचा चेहरा खुलला आणि लगेच पडला.

"अरेरे, बिचारीचा स्कार्फ कोणीतरी बिघडवलाय. थांब, तुला नीट करतो."

ओरडायला मला तोंड होते, रंगवलेले. त्याने मला थिनरच्या बरणीत बुडवले, वर झाकण लावले. माझा कोट विरघळला, डोळे विरघळले. मऊ ब्रशने घासून त्याने मला पुन्हा करडी केली आणि मग पुन्हा बुचावर चिकटवून, अगदी तिच्याच मायेने, नवे रंग दिले. स्कार्फ लाल. त्याचा मला राग येत नाही, आणि याचेच जास्त वाईट वाटते.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर ती जरूर सांभाळा, पण तिच्यात चूक दिसली तर पुसायची घाई करू नका. आधी विचारा, ही चूक कोणाची होती? माझ्या हनुवटीखाली स्कार्फची गाठ आहे. तिच्या मागच्या खाचेत तिबोचा ब्रश पोचला नाही. तिथे केसाएवढी एक नारिंगी रेघ अजून आहे. कपाटातला दिवा बंद झाला की मी हनुवटी खाली दाबून धरते.