पहिल्या बाकाची वाक्यं

दुसऱ्याचं मराठी खटकायला विद्याधर मास्तरांना ओळीतला तिसरा शब्दही लागत नसे. पार्ल्याच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि फावल्या वेळात पुस्तकांची प्रुफं तपासायचे. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी पेन्सिल शोधणार, मुहूर्त मागाहून बघणार. एका ख्रिस्ती प्रकाशन मंडळाची पुस्तकं सहा वर्षं त्यांच्याकडे येत होती. "देव त्यांचा, व्याकरण माझं," असं मास्तर म्हणत. "देव छापील नाही, हे त्याचं नशीब," असं त्यांची बायको मालन म्हणे.

छप्पन सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे अकरा वह्या आल्या. अंधेरीच्या कौलारू ख्रिस्ती देवळात रेव्हरंड शांतवन भालेराव सव्वीस वर्षं पाळक होते. आदल्या नाताळाच्या आठवड्यात ते वारले. रविवारचे उपदेश ते आधी वहीत लिहून मग बोलत. त्यांतले निवडक घेऊन श्रद्धेवर आणि सेवेवर एक पुस्तक काढायचं ठरलं होतं. वह्या खाकी कागदात बांधून त्यांच्या पत्नी सालोमीबाई स्वतः घेऊन आल्या.

"मास्तर, वाचताना ते समोर बोलताहेत असं वाटलं पाहिजे, एवढंच."

"त्याहून चांगलं वाटेल," मास्तर म्हणाले. ही थट्टा नव्हती.

वह्यांच्या समासात जागोजागी लाल पेन्सिलीचे लहान गोल होते. ज्या वाक्यापाशी गोल, ते वाक्य आधीच्याच वाक्याची घरगुती आवृत्ती असायचं. आधी लिहिलेलं असे, 'ईश्वरी कृपा मानवी कर्तृत्वाच्या परिसीमेपलीकडे कार्यरत असते.' आणि लगेच खाली, गोलापाशी, 'पडलास तरी तो हात सोडत नाही.' मास्तरांनी ताडलं, म्हाताऱ्याला स्वतःची पुनरुक्ती कळली होती, फक्त काढायची राहून गेली. त्यांनी ती काढली. मोजून एकशे त्रेचाळीस वाक्यं. त्यामुळे आठ पानं मोकळी झाली, आणि त्या आठ पानांत त्यांनी स्वतःची प्रस्तावना बसवली. सहा वर्षांत पंधरा पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती. नाव एकावरही नव्हतं. प्रस्तावना त्यांनी मालनला तीनदा वाचून दाखवली. दुसऱ्या वेळेस ती तांदूळ निवडत होती. तिसऱ्या वेळेपर्यंत तांदूळ संपले होते.

दिवाळीनंतर प्रुफं वह्यांसकट सालोमीबाईंकडे गेली आणि पुढच्याच रविवारी दुपारी बाई दारात उभ्या राहिल्या. सोबत साठीचा एक काटक माणूस, प्रुफांचं भेंडोळं आणि त्याच अकरा वह्या.

"हा गुणाजी," बाई म्हणाल्या. "परळच्या गिरणीत तीस वर्षं माग चालवला. त्या खडखडाटात कान गेले. आता देवळाचं आवार झाडतो, घंटा वाजवतो."

स्वतःला ऐकू न येणारी घंटा हा माणूस इतकी वर्षं वेळेवर वाजवत होता. तो मालवणकडचा. धर्म कुठला, हे देवळातल्या मंडळीनं त्याला कधी विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं.

बाईंनी प्रुफाचं एक पान त्याच्यापुढे सरकवलं. गुणाजीनं ओळीवर बोट ठेवलं. "ई-श्व-री... कृ-पा..." बोट 'परिसीमे'पाशी अडलं, मागं आलं, पुन्हा अडलं. त्यानं मान वर केली आणि बहिऱ्या माणसाच्या उंच आवाजात निकाल दिला, "ह्यां तेंचां न्हय."

"न्हय म्हणजे?" मास्तर वही उघडत म्हणाले. "त्यांच्याच अक्षरात आहे. हे बघा!"

"त्याच्याकडे तोंड करून बोला, मास्तर," बाई म्हणाल्या. "गिरणीतली माणसं ओठ वाचतात. तुम्ही वहीत बघून बोललात, तर त्याच्यापुरते तुम्ही गप्पच."

मग त्यांनी लाल गोलावर बोट ठेवलं. "हा गोल कशाचा, माहीत आहे? इथं थांबायचं, पहिल्या बाकाकडे वळायचं आणि गुणाजीला सांगायचं. वरचं मोठं वाक्य शिकलेल्या मंडळीसाठी. ते नसतं तर मंडळी म्हणाली असती, पाळकाला काही येत नाही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, वाचून कळेल."

मास्तरांना पेन्सिल कुठं ठेवावी कळेना.

"नवे पाळक भले आहेत," बाई पुढे म्हणाल्या, "पण कागदात डोकं घालून वाचतात. वर्ष होत आलं, हा दर रविवारी त्यांचा भांग बघून परत येतो. मी म्हटलं, धीर धर, साहेबांचं पुस्तक येतंय. म्हणून त्याला या वयात अक्षरं शिकवली. आता पुस्तक आलं, आणि त्यात याला वाचता येईल असं एक वाक्य नाही."

"बाई, चूक माझीच. पण कागद एकशे बारा पानांचा मिळालाय," मास्तर पुटपुटले. "सोळा पानांचे सात फर्मे. एक ओळ वाढली तरी आठवा फर्मा, आणि तो मंडळ देणार नाही."

मालन चहा घेऊन आली. "अहो, आठ पानं आहेत की."

"कुठली?"

"मला पाठ आहेत ती. नाही छापली तरी बिघडत नाही. कधी वाटलं, तर मी म्हणून दाखवीन तुम्हाला."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. कप त्यांच्यापुढे जरा जास्तच हळू ठेवला तिनं. त्यांनी प्रस्तावनेच्या पहिल्या पानावर आडवी रेघ मारली, मग एकेका पानावर, आठही. शेवटच्या पानाखाली स्वतःचं नाव होतं. तिथं रेघ थोडी वाकडी गेली.

मग त्यांनी वही उचलली, गुणाजीच्या समोर खुर्ची ओढली आणि तोंड वर करून म्हणाले, "पडलास तरी तो हात सोडत नाही."

गुणाजीचे ओठ त्यांच्याबरोबरच हलले. "पडलास तरी, थंय जरा थांबत," त्यानं दुरुस्ती सुचवली. सहा वर्षांत मास्तरांना कुणी दुरुस्ती सुचवली नव्हती. ते थांबून पुन्हा म्हणाले.

अशी तीसेक वाक्यं झाली. गुणाजीला सगळी ठाऊक होती. कुठल्या वेळी साहेब खोकले, हेसुद्धा. पाचव्या वहीत एका वाक्यावर मात्र त्याचे ओठ हलले नाहीत.

"ह्यां माका म्हायत नाय."

बाईंनी पानावरची तारीख पाहिली. "तेव्हा तू तापानं पडला होतास. बाक रिकामा होता." त्या मास्तरांकडे वळल्या. "तरी ते तिकडेच वळून बोलले. मी मागं बसले होते ना."

गुणाजीनं बाईंच्या ओठांवरून ते वेचलं. मग धोतर सारखं केलं, देवळात बसतात तसा ताठ बसला आणि मास्तरांच्या तोंडाकडे पाहू लागला.

मास्तरांनी वाक्य आधी मनात वाचून घेतलं. वही मिटली.

"उशीर झाला म्हणून," ते जरा थांबले, "तो दाराला कडी लावत नाही."

गुणाजीनं ते ओठांत हळूच जुळवून पाहिलं.

"परत एकदा सांगा," तो म्हणाला.

मास्तरांनी परत एकदा सांगितलं.