चार डोळ्यांचा संगणक

मित्रांनो, माझ्या डाव्या अंगाला पत्र्यात जो खोल पोचा दिसतो ना, तो हॉकीच्या काठीचा आहे. वरची भेग दगडाची. संगणकाच्या अंगावर अशा खुणा सहसा नसतात. पण माझं आयुष्य कचेरीतल्या टेबलावर नाही, पंजाबातल्या कबड्डीच्या मैदानांवर गेलं.

लुधियान्याच्या बाजारातून एकेक भाग निवडून जगसीर सिंगाने मला जोडलं. तो लग्नांचं चित्रीकरण करायचा. पुढे गावोगावचे कबड्डीचे सामने कॅनडात गेलेली मंडळी थेट बघू लागली, तसा तो या धंद्यात उतरला. मैदानाभोवती चार कॅमेरे, त्यांच्या तारा माझ्या पोटात, आणि माझ्यासमोर त्याची मुलगी रमनीक. चारांतलं कुठलं चित्र जगाला दाखवायचं, ते तिचं बोट ठरवायचं.

त्यासाठी माझ्यात एक सॉफ्टवेअर लागे. जगसीरने पहिलं आणलं ते म्हणजे मित्राकडची चोरीची प्रत. एका अंतिम सामन्यात गुणावरून वाद पेटला. लोक ओरडू लागले, "परत दाखवा! हळू करून दाखवा!" नेमकं तेव्हाच ते सॉफ्टवेअर गोठलं. रमनीक कळा दाबत राहिली आणि पडद्यावर एक खेळाडू हवेत लटकून राहिला. लोकांना वाटलं, मुद्दाम लपवताहेत. पहिला दगड मला लागला, दुसरा जगसीरच्या कपाळाला. मग टेबल उलटं झालं. पंच ट्रॅक्टरखाली लपला होता, त्याला पायाला धरून ओढून काढलं आणि तुडवलं. माझ्या कळांवर रक्ताचे थेंब वाळून घट्ट बसले.

"फुकटचं केवढ्याला पडलं, बापू?" टाके घालून आलेल्या बापाला रमनीकने विचारलं.

जगसीरने मग झगझगीत सॉफ्टवेअर आणलं. खेळाडूंची नावं आगीतून येत, गुण मिळाला की गरुड झेपावे. माझा जीव मात्र त्या गरुडापायी तापून जाई आणि चित्रं अडखळत.

"लोक गरुड बघतात की कबड्डी?"

"कॅनडावाल्यांना चमक लागते, पोरी. तुला काय कळतं?"

"मला एवढं कळतं, की चित्र अडकलं तर पुढचा दगड माझ्या डोक्यात बसेल."

रमनीकने चारही कॅमेरे अंगणातल्या म्हशींवर लावले आणि एकेक सॉफ्टवेअर दुपारभर चालवून पाहिलं. कुठलं मला थकवतं, कुठलं आवाज मागे टाकतं, कुठल्यात मागचं चित्र पटकन सापडतं, हे सगळं ती बघत होती. शेवटी तिने निवडलं ते दिसायला अगदी साधं होतं. पण ते अडखळत नव्हतं. शिवाय बाहेर जाणाऱ्या चित्राबरोबर प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र वेगळं साठवून ठेवत होतं.

"जे कुणाला दाखवलंच नाही त्याचं काय लोणचं घालणार आहेस?" जगसीर हसला. पण त्याने ते घेऊन दिलं.

त्यानंतर माझे दिवस पालटले. लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "याच्यात सगळं दिसतं." मीही जरा फुशारलो होतो, खोटं कशाला सांगू?

मग माघातला तो सामना आला. गुरतेज नावाचा उंच, शांत मुलगा त्यात खेळत होता. चढाईला आलेल्याला मिठीत अडकवणं हे त्याचं काम. आदल्या हंगामापर्यंत तो लखबीरच्या संघात होता. लखबीर जमीनदार, संघाचा मालक. गुरतेजने त्याचा संघ सोडला, त्यानंतर लखबीरने भर चौकात सांगितलं होतं, "बघतो कुठल्या पायांनी खेळतो ते."

शेवटच्या चढाईत गुरतेजने लखबीरचाच चढाईबहाद्दर पकडला आणि सामना जिंकला. ढोल वाजले. तेवढ्यात गर्दी चिरत एक जीप थेट मैदानात घुसली. लखबीर आणि त्याची माणसं लोखंडी गज आणि हॉकीच्या काठ्या घेऊन उतरली. एकाने हवेत गोळी झाडली. हजारो माणसं पाठ फिरवून पळाली. गुरतेज एकटा उरला.

त्याला पाडून दोघांनी त्याचे हात दाबले. लखबीर गुडघ्यावर गज घालू लागला. घाई नव्हती त्याला. एकदा मारायचा, थांबून बघायचा, पुन्हा मारायचा. मैदानाकडेचा ध्वनिग्राहक उघडाच होता. हाड मोडल्याचा आवाज माझ्यातून सातासमुद्रापार गेला.

"बंद कर!" जगसीर ओरडला. "काळा पडदा टाक!"

"अंधार केला तर मारूनच टाकतील, बापू!"

रमनीकने तिसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र पडदाभर केलं. त्यात लखबीरचा चेहरा स्वच्छ होता. तिने शेजारच्या समालोचकाचा माईक ओढून घेतला. "लखबीर! तुझं तोंड कॅनडापर्यंत दिसतंय! अख्खं जग बघतंय तुला!"

त्याने मान वर केली. कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग आम्ही होतो त्या मंचाकडे. गुरतेजला तसाच टाकून ते सगळे आमच्याकडे धावले. तेवढ्या वेळात त्याच्या संघातल्या दोघांनी गुरतेजला उचलून पळवलं.

जगसीर आडवा आला, त्याला एका लाथेत खाली पाडलं. पहिली काठी माझ्या पडद्यावर बसली. दुसरी बसणार तोच रमनीकने हात मध्ये घातला. तिचं मनगट वाकडं झालेलं मी पाहिलं. पुढची काठी माझ्या डाव्या अंगावर आली. नंतरचं मला ठाऊक नाही.

शुद्धीवर आलो तो जगसीरच्या दुकानात, नवा पडदा लागलेला. लखबीर तुरुंगात होता. मैदानात असलेल्यांपैकी एकानेही साक्ष दिली नव्हती. बाहेर गेलेल्या चित्रानेच त्याला धरून दिलं. गुरतेज जगला. पण खेळणं संपलं.

एका सकाळी दुकानात एक बाई आली. गुरतेजची आई, बेअंत कौर.

"तूच का ती?" तिने रमनीकला विचारलं. "शेजारणींना जमवून बसले होते मी, फोन हातात धरून. पोरगा खेळतोय म्हणून. सगळं दाखवलंस मला."

"हो, बीबीजी. मीच." रमनीकची मान वर होईना.

"तुझ्यामुळे वाचला म्हणतात. वाचला असेल. पण डोळे मिटले की तेच दिसतं मला." ती माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "त्याआधी त्याने पकड केली ना? फोनवर नुसती पाठ दिसली त्याची."

रमनीकने प्लास्टर नसलेल्या हाताने मला सुरू केलं. चौथ्या कॅमेऱ्याचं चित्र तिने शोधलं, जे कधी बाहेर गेलंच नव्हतं. त्यात गुरतेज समोरून दिसत होता. आवळलेले दात, मिठीत तडफडणारा गडी, मग पंचांची शिट्टी, आणि त्याचं तोंडभर हसू.

"परत लाव," बेअंत कौर म्हणाली. रमनीकने लावलं.

"अजून हळू कर, पुत्तर."

मित्रांनो, मला ऊन-धुळीपासून जपा, माझे पंखे पुसा, हे तर मी सांगेनच. पण कधी माझ्यासमोर बसलात, तर कळ दाबण्याआधी क्षणभर थांबा. ज्याचं चित्र तुम्ही जगात सोडता, त्याची आई कुठेतरी फोन हातात धरून बसलेली असते. तिला डोळ्यांसमोर आणून मग काय ते ठरवा.