मगरीच्या घशातलं सिमेंट

मित्रांनो, मी एक जुनी दगडी मगर आहे आणि सध्या माझं डोकं फार फिरलेलं आहे. दक्षिण मुंबईतल्या एका भव्य रेल्वे स्टेशनच्या भिंतीतून मी मान बाहेर काढून बसलेली असते. लोकांना वाटतं, मी शोभेची आहे. मी शोभेची नाही! मी पन्हळ आहे. घुमटावरचं पाणी माझ्या पाठीतल्या चरातून येतं आणि जबड्यातून लांब खाली पडतं, म्हणून भिंत कोरडी राहते. शंभराहून जास्त पावसाळे हे काम मी बिनबोभाट केलं.

मला घडवलं तेव्हा घुमटाभोवती अजून परांच्या होत्या. माझ्या पाथरवटाने मगर कधी पाहिलीच नव्हती. त्याने चित्रावरून मला कोरलं आणि नाक मात्र ओळखीच्या घोरपडीचं काढलं. लोक सगळे फोटो दरवाजातल्या सिंहाचे काढतात. तेही मी सोसलं.

पण गेल्या हिवाळ्यात हद्द झाली. स्टेशनात समारंभ होता आणि मांडव नेमका माझ्याखाली घातलेला. आदल्या दिवशी घुमट धुतला, ते पाणी माझ्या तोंडातून नव्या कोऱ्या गालिच्यावर पडलं. इमारतीचे साहेब ओरडले, "आधी ते तोंड बंद करा!" दोन घमेली सिमेंट माझ्या घशात गेलं. समारंभ झाला, मांडव उतरला, सिमेंट कुणाला आठवलंच नाही.

पावसाळ्यात पाणी तुंबलं आणि भिंतीतून सुचित्राबाईंच्या खोलीत उतरलं. त्या तिथल्या हेडक्लार्क. त्यांची कपाटं भिजली. साहेबांनी वर न बघताच निकाल दिला, "जुना दगड गळतोय. मगर कापा, प्लास्टिकचा पाइप लावा."

मला कापायला भोईवाड्याचे जयवंत पाथरवट आले. सोबत सुचित्राबाई आणि साहेबही होते. पाथरवट कुठल्याही दगडाला छिन्नी लावण्याआधी तो वाजवून बघतो. त्यांनी माझ्या मानेवर हातोडी टेकवली, खणखणीत आवाज आला. जबड्यावर टेकवली, नुसतं ठप्प झालं.

"बाई, दगड झकास आहे. हिच्या घशात कायतरी कोंबलंय."

"अहो, समारंभाच्या वेळचं सिमेंट!" सुचित्राबाईंनी कपाळावर हात मारला.

साहेब म्हणाले, "ऑर्डर कापायची आहे."

"कापा की. फक्त मी फाइलवर लिहिते, पन्हळ कुणाच्या सांगण्यावरून बुजवली ते."

साहेबांना एकदम खोकला आला. मग म्हणाले, "काढून बघा सिमेंट."

जयवंतरावांनी अर्धा दिवस हलक्या हाताने छिन्नी चालवली. तरी सिमेंटबरोबर माझे पुढचे दोन दात गेलेच. मला रडू आलं असतं, पण तेवढ्यात पाठीमागे तुंबलेलं पाणी, कुजकी पानं आणि कबुतरांची पिसं घेऊन, भसकन बाहेर पडलं. किती महिन्यांनी मोकळा श्वास घेतला मी!

साहेब खाली उभे राहून आता कुठे मला नीट बघत होते. म्हणाले, "दात गेले की हो. वाईट दिसतंय. सिमेंटचे बसवून टाका."

मित्रांनो, एवढं सगळं होऊन पुन्हा सिमेंटच! तुम्ही मोठे होऊन साहेब व्हाल, तेव्हा जुन्या वस्तूला हात लावण्याआधी निदान एकदा विचारा, ही काय काम करते?

जयवंतरावांनी हत्यारं पिशवीत भरली. "दात राहू दे, साहेब," ते म्हणाले. "तोंड तेवढं उघडं ठेवा."