चार बोटं उघडी काच

लेकीचं, शिवांगीचं बारसं झालं त्याच महिन्यात दयानंद सरांनी गाडी घेतली होती. आता गाडीला एकोणीस वर्षं व्हायला आली, आणि शिवांगीला जाऊन दीड वर्ष झालं. इंजिन अजून ठणठणीत होतं, पण साठच्या वर पळवली की आत असा गदारोळ उठायचा की विचारू नका. टायरांची घरघर, दारांचा खडखडाट, शिवाय खालून खडे उडून पत्र्यावर ताशा. नांदेडातून निघून लोहा मागं पडलं की मागच्याचं बोलणं पुढच्याला ऐकू येईल तर शपथ.

आणि ही गाडी दर रविवारी लातूरला जायची. शिवांगी तिथं डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला होती, तेव्हा सर आणि त्यांची बायको सिंधूताई तिला डबा घेऊन जायचे. मग तिला ताप आला. पाच दिवसांत सगळं संपलं. तरी रविवारचा डबा थांबला नाही. शिवांगीच्या खोलीत राहणारी अक्षरा इस्लापूरकडची, बिनआईची पोर, दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली. आता डबा तिला जायचा.

शिवांगीला लहानपणी मागं बसलं की मळमळायचं, म्हणून पुढची सीट तिची आणि मागची डावी बाजू आईची. आता पुढच्या सीटवर डब्याची पिशवी असायची. सिंधूताई मागच्या मागंच राहिल्या.

सरांना सिंधूताईंशी एकच गोष्ट बोलायची होती. तापाच्या पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, पोरीला नांदेडला घेऊन येऊ. सर म्हणाले होते, "परीक्षा तोंडावर हाय, गोळी घे म्हणावं तिला." ते वाक्य दीड वर्ष त्यांच्या छातीत रुतून बसलं होतं. माझं चुकलं एवढंच म्हणायचं होतं. मग सिंधू शिव्या देवो, नाहीतर तोंडही न बघो.

पण बोलायचं कुठं? घरात आई, भाऊ, भावजय, येणारेजाणारे. आईचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. वर्षश्राद्ध झालं तेव्हा सरांनीच बायकोला सांगितलं होतं, "आता घरात रडत जाऊ नको. आईला झेपत न्हाई." सिंधूताई "हाव" म्हणाल्या, आणि खरंच त्या दिवसापासून घरात त्यांचा एक थेंब कुणी पाहिला नाही. रडण्याबरोबर त्यांचं बोलणंही गेलं. भाजीत मीठ आहे का, गॅस आला का, एवढ्यावर संसार आला. दोघंच असायचे ते गाडीत. तिथं सर ओरडून विचारायचे, "काय म्हणलीस?" आणि मागून तेवढ्याच जोरात यायचं, "काही न्हाई." आता अशी गोष्ट बोंबलून सांगता येते का, तुम्हीच सांगा.

म्हणून सरांनी गाडीचा आवाज बंद करायचा ठरवला. देगलूरकडचा शंकरप्पा नांदेडात हे काम करायचा. त्यानं सीटा बाहेर काढल्या, खालचं मॅट उचललं, गंज खरवडला. सगळ्या पत्र्यावर डांबरासारख्या काळ्या चिकट शीटा बसवल्या, आणि वरून रोलर असा दाबून फिरवला की एक फुगा राहिला नाही. दारं उघडून आतही तेच केलं, कडेची जुनी रबरं बदलली. तीन दिवस गेले. आधी दारावर टिचकी मारली की रिकामा पिंप वाजल्यासारखं व्हायचं, आता थप् म्हणून गप्प.

"सर, एक इचारू?" शंकरप्पा म्हणाला. "मागच्या डाव्या दाराचं काचेचं हँडल पार घासून गेलंय. बाकीचे तीन नव्यासारखे हायत."

"आमच्या मंडळींना काच चार बोटं उघडी लागते. घुसमटतंय म्हणते."

"मग सांगून ठेवा. काच उघडी ऱ्हायली तर माझी मेहनत पाण्यात."

पहिल्या रविवारी सरांनी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. निघताना म्हणाले, "सिंधू, काच लावून घे. थंडी हाय, घुसमटायचं न्हाई." सिंधूताईंनी काच लावली. लोहा गेलं, काटा सत्तरवर गेला, आणि गाडीत डब्याचं झाकण हललेलं ऐकू येत होतं. बांगडी वाजलेली ऐकू येत होती. सरांना बरं वाटलं. त्यांनी घसा साफ केला.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. उचकी येतायेता गिळावी तसा. सरांनी आरशात पाहिलं. सिंधूताईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, डोळे मिटले होते, मानेच्या शिरा टरटरून फुगल्या होत्या.

"काय झालं गं?" सर हळू आवाजात म्हणाले. हळू आवाजात बोलता येत होतं ना आता.

"काही न्हाई."

त्यांनी पदर काढला, नीट केला आणि ताठ बसल्या. लातूरपर्यंत ताठ, परतीच्या वाटेवरही ताठ. सरांची वाक्यं मनातच राहिली.

दुसऱ्या रविवारी सिंधूताईंनी डबा भरून त्यांच्यापुढं ठेवला. "तुम्हीच जाऊन या."

"का बरं?"

"गाडीत लई शांत झालंय आता," त्या म्हणाल्या आणि पोळपाट धुवायला घेतला.

सर एकटेच निघाले. माळाकोळीच्या पुढं कधीतरी त्यांना ते घासलेलं हँडल आठवलं, आणि सगळा उलगडा झाला. गाडी बाजूला घ्यावी लागली. नववीच्या पोरांना वर्षानुवर्षं ध्वनीचा धडा शिकवणारा माणूस, आणि याला पाठीमागचं एवढं कळू नये? घरात रडू नको म्हणून यानंच सांगितलं होतं. मग बिचारीनं जागा शोधली होती. जायचे तीन तास, यायचे तीन तास, खडखडाटात मोकळं रडायची, काच चार बोटं उघडी ठेवून, म्हणजे आवाजात आवाज मिसळावा. आठवडाभराचं त्यात काढायची. ती एवढीशी जागासुद्धा यानं चांगल्या मनानं बुजवून टाकली.

सोमवारी ते शंकरप्पाकडं गेले. "त्या शीटा काढता येतील का?"

शंकरप्पानं दारावर टिचकी मारून दाखवली. "पत्रा निघंल सर, शीट निघायची न्हाई."

तिसऱ्या रविवारी सर म्हणाले, "अक्षरा तुझी वाट बघून राहिली. चल." पोरीचं नाव काढल्यावर सिंधूताई नाही म्हणाल्या नाहीत.

पौषाची थंडी होती. लोहा गेल्यावर सरांनी गाडी थांबवली, उतरले, आणि एकेक हँडल फिरवून चारही काचा पार खाली केल्या. सिंधूताई शाल आवळून त्यांच्याकडं बघत होत्या.

"उकडतंय मला," सर म्हणाले.

मग बसून त्यांनी आरसा वर छताकडं वळवला आणि गाडी ऐंशीवर नेली. वारा असा घुसला की डब्याची पिशवी फडफडायला लागली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग सरांच्या सीटच्या पाठीला काहीतरी टेकलं. उजवीकडं सरकून आलेल्या सिंधूताईंचं कपाळ होतं ते. आणि सीट हलायला लागली. ऐकू काहीच येत नव्हतं, पाठीला फक्त हादरे लागत होते, एकामागून एक. सरांनी पाठ हलू दिली नाही.

आणि मग सरांच्या तोंडून ते निघालं. "माझं चुकलं, सिंधू. पहिल्याच दिवशी आणायला पाहिजे होतं तिला. तू म्हणत होतीस. माझं चुकलं." चांगलं मोठ्यानं, दोनदा, तीनदा. डोळ्यांतलं पाणी वाऱ्यानं कानापर्यंत गेलं. दीड वर्षात ते पहिल्यांदा रडत होते.

अहमदपूरच्या अलीकडं गतिरोधक आला. गाडी हळू झाली, वारा पडला आणि सगळं एकदम शांत झालं. सीटच्या पाठीवरून कपाळ उचललं गेलं.

"काही म्हणलात का?" सिंधूताईंनी विचारलं. आवाज बसलेला होता, पण कितीतरी दिवसांनी तो मऊ होता.

सर बोलू शकले असते. ऐकू जाईल अशी शांतता त्यांनीच तर करून घेतली होती. पण त्या मऊ आवाजापुढं त्यांचा धीर झाला नाही.

"काही न्हाई," ते म्हणाले, आणि गतिरोधक ओलांडून त्यांनी गाडी पुन्हा ऐंशीवर नेली.