खालचा सूर

"अहो ताउनो, जागाच उरली नाही हो! लोक पायऱ्यांवर बसलेत," पाद्रीणबाई सिर्का धापा टाकत ऑर्गनच्या माडीवर आल्या. "एक जण तर ब्राझीलहून आलाय. दंडावरच्या चामडी पट्ट्याला हे एवढाले खिळे! पण दारात बूट पुसून आत आला बिचारा."

"आपल्याकडचे पुसत नाहीत," ताउनो म्हणाला.

कोर्पियार्वी गावच्या या चर्चमध्ये ताउनोने उभी हयात ऑर्गन वाजवण्यात आणि गाण्यात घालवली. ख्रिसमस सोडला तर समोर हेल्वीआजी, आणि तिलाही डुलकी लागलेली. आणि आज यार्मो नुसता शवपेटीत पडून चर्च भरवून बसला होता!

यार्मो मेटल बँडचा गायक. तोंडाला पांढरा रंग फासून नरड्यातून असा आवाज काढायचा की रानातल्या अस्वलाने वाट बदलावी. शाळेत दोघं एका बाकावर. ताउनो हेलसिंकीला जाऊन रीतसर गाणं शिकला. जगाने बोलावलं यार्मोला. दमल्यावर तो गावी परतला आणि दर गुरुवारी चर्चच्या गायकवृंदात मागच्या रांगेत उभा राहू लागला.

"मला एखादी ओळ एकट्याला देशील का रे?" त्याने एकदा विचारलं होतं.

"तू आपला खाली खर्ज धरून ठेव. तेवढं पुष्कळ झालं."

"बरं," यार्मो म्हणाला. आणि शेवटच्या आजारापर्यंत त्याने तो धरून ठेवला.

आजचं स्तोत्र ताउनोने एकट्याकडे घेतलं होतं. एवढे कान पुन्हा मिळणार नव्हते.

पहिली ओळ संपताना त्याला वाटलं, ऑर्गन बिघडला. आवाज उघडा पडत होता. पातळ, काठीच्या टोकावर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा. ऑर्गन ठणठणीत होता. ताउनोचा जो भरदार आवाज गावाला ठाऊक होता, ताउनोला स्वतःलाही ठाऊक होता, त्याचा निम्मा मागच्या रांगेत उभा असायचा.

दुसऱ्या कडव्यात तो थांबला.

खिळेवाल्याला वाटलं, इथली हीच रीत असावी. त्याने मान खाली घालून घशातल्या घशात खर्ज लावला. मागची बाकं त्याला मिळाली. मग सगळं चर्च घुमू लागलं, आणि त्या घुमण्यावर पाय ठेवत ताउनोने स्तोत्र कसंबसं पार नेलं.

नंतर कॉफीच्या वेळी हेल्वीआजीने त्याचा हात धरला. "किती छान गायलास रे! अगदी यार्मो असल्यासारखं वाटलं बघ."

ताउनोने हातातला सँडविचचा खारा केक बशीत परत ठेवला. मेला तरी सोडत नाही, मेला!

गुरुवारी तालमीला मागच्या रांगेतली मंडळी यार्मोची जागा बुजवत जवळ सरकून उभी राहू लागली.

"होतात तसेच उभे राहा," ताउनो ऑर्गनवरून खेकसला.

"अरे, पण मध्ये भोक दिसतंय!" खालच्या बाकावरून हेल्वीआजी म्हणाली.

"दिसू दे."

मग त्याने डावा बूट काढला आणि ऑर्गनची पायाने वाजवायची, सगळ्यात खालच्या सुराची पट्टी दाबून धरली. स्तोत्र संपलं, मंडळी कोट चढवून खाली उतरली, सिर्काबाईंनी दिवे मालवायला घेतले. ताउनोने पाय काढला नव्हता.