भाकरीलाही रक्त आलं

गुरुवार उजाडला की टाकळवाडीचा रस्ता जाम. वेरूळकडून काळीपिवळ्या भरून यायच्या, शहरातून मोटारसायकली, अन् सगळ्यांची तोंडं एकाच खड्ड्याकडं. खड्डा म्हणजे भुयारी मकबरा. अठरा पायऱ्या खाली उतरलं की दगडी खोली, मधोमध कुण्या विसरलेल्या सरदाराची कबर, अन् वर चुन्याच्या छतावर रंगवलेली डाळिंबांची वेल. कैक पिढ्यांपूर्वीची. पण वेलीकडं बघतो कोण? सगळे बघत होते भिंतीकडं.

भिंतीतून रक्त येत होतं.

खोटं नाय, खरंच. लालभडक, ओलं, बोट लावलं तर चिकटणारं.

"या ताई, या चाचा!" गळ्यात लाल गंड्यादोऱ्यांची पिशवी अडकवलेला लालबाबा दोन्ही हात वर करून ओरडायचा. "सरदार आजून जित्ता हाय! अस्सल माल... आपलं, अस्सल रगत! एकदा कपाळाला लागलं की सात पिढ्या रंग उतरणार नाय! हिंदूला चालतंय, मुसलमानाला चालतंय, लहानाला, थोराला, एकच साईज!"

एकच साईज म्हटल्यावर गर्दीतल्या सगीराचे कान टवकारले. हा आवाज तिनं ऐकला होता. शहरात, गुलमंडीच्या बाजारात, फुटपाथवर, चादरींच्या ढिगाऱ्यामागं. हा तर पुंजाराम चादरवाला!

सगीरा गावचीच. शहरात उस्मानपुऱ्यात एका लॅबमध्ये काम करायची, रक्त-थुंकी तपासायची, बऱ्याच महिन्यांनी या गुरुवारी सुट्टीला घरी आलेली. तिचे अब्बा गयासभाई मकबऱ्याचे किल्लीवाले. त्यांच्या घराण्याचा रिवाज असा: वर्षातून एकदाच दार उघडायचं, उरूसाला. सात माणसं आत, एकच चिराग, अन् चिरागातलं तेल संपायच्या आत सगळे बाहेर. मग शेजारचा सांडू दाराच्या फटी मातीनं लिंपून टाकायचा. का? तर मुर्द्याला दम लागतो. एवढंच उत्तर. पुढं कुणी विचारलं नाय, कुणी सांगितलं नाय. लहानपणी अब्बा सगीराला खांद्यावर बसवून न्यायचे, आठवी म्हणून तिला मोजायचे नाहीत. ती चिरागाच्या उजेडात डाळिंबं बघत राहायची.

या वर्षी उरूसानंतर बाबा आला. "आरं सरदाराला कोंडून काय ठिवता?" म्हणाला. अब्बांना याचं उत्तर देता येईना. त्यांनी किल्ली देऊन टाकली. तेव्हापासून दार सताड उघडं, आत दोन मोठे हॅलोजन, दर गुरुवारी हजारभर माणूस. अन् बाबा स्वतःच्या पंजानं भिंतीला दूध-गुळाचं पाणी चोळायचा. सरदाराला शरबत म्हणे!

सगीराच्या खांद्यावर टप्पकन काहीतरी पडलं. चुन्याची खपली. उलटी करून बघितली. अर्धं डाळिंब.

ती तडक अब्बांकडं गेली. "अब्बा, दार बंद करा. आजच. वेल गळतीये."

"बेटा, लोक फाडून खातील मला. अन् चमत्कार आहे तो."

"चमत्कार? आमच्या लॅबमध्ये तपासणीची बशी नीट झाकली नाय की असलाच लाल चमत्कार होतो. साहेब हार घालत नाहीत, शिव्या घालतात!"

मग सगीरा परत खाली उतरली, गर्दी सारत बाबासमोर उभी राहिली.

"बाबा, पुढच्या गुरुवारी रक्त कुठं येणार?"

"हितं!" बाबानं लाल झालेला पंजा शरबतात बुडवला अन् भिंतीच्या कोऱ्या जागी फिरवला. "सरदारानं मला कानात सांगितलं."

"बरं. मला भाकरी कुणी देता का?"

गर्दी हसली. सारजाबाई नावाची म्हातारी पुढं आली. ती दर गुरुवारी पहिल्या रांगेत असायची. तिनं फडकं सोडलं. "घे माय, ज्वारीची हाय. उपाशी बाबाशी भांडू नको."

सगीरानं भाकरीचे दोन तुकडे केले. दोन स्टीलचे डबे मागितले, एकेकात एक तुकडा ठेवला, दोन्ही तुकड्यांवर आपल्या बाटलीतलं उकळून गार केलेलं पाणी शिंपडलं. मग पिशवीतली लॅबची कापसाची काडी भिंतीच्या लालीला लावली अन् एकाच तुकड्यावर टेकवली. दुसऱ्याला काहीच नाय.

"पुढच्या गुरुवारी ह्या तुकड्याला रक्त येईल. त्या दुसऱ्याला नाय. डबे बाबांनीच बांधायचे, त्यांच्याच दोऱ्यानं, काडी लावलेल्याला दोन गाठी. आलं तर मी पण सगीराबाबा!"

"अन् नाय आलं तर?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तर मी स्वतः दारात बसून शरबत वाटीन."

"मकबऱ्याचं खाल्लं अन् मकबऱ्यावर उलटली!" दुसरा ओरडला.

"मकबऱ्यासाठीच उलटलीये, चाचा!"

बाबानं ऐटीत डब्यांना गाठी मारल्या. त्याला वाटलं, भाकरी ती, सडेल नि काय. डबे सांडूच्या घरी ठेवले, माणसांची ऊठबस असलेल्या ओसरीत.

तो आठवडा लई वाईट गेला. सगीरानं रजा टाकली. गिरणीत तिचं दळण कुणी घेईना. अब्बा जेवायला बसायचे अन् तसेच उठायचे. फक्त सांडू दोनदा येऊन गेला. "तायडे, जरा उघडून बघू का? माझाच जीव ऱ्हाईना."

"हात लावू नका, सांडूकाका. तुम्ही उघडलं तर तो म्हणेल तुम्हीच रंग टाकला."

गुरुवार आला. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाय. भिंतीवर पंजा फिरवलेल्या जागी रक्त आलं होतं. जयजयकार झाला. मग डबे आले. बाबानं आपल्याच गाठी ओळखल्या, आपल्याच हातानं सोडल्या.

एका गाठीच्या डब्यात, काडी न लावलेल्या तुकड्यावर, नुसती राखाडी बुरशी, चार हात लांबूनच वास.

मग दोन गाठींचा उघडला. भाकरीवर लालभडक, चकचकीत थेंब.

सगळे डब्यावर वाकले. बाबाच आधी सावरला. "बघा, बघा! सरदार भाकरीत शिरला!"

सारजाबाईनं डबा त्याच्या नाकाखाली धरला. "मंग खा की!"

"माझा... आज उपास हाय."

"म्हंजी आमच्या कपाळाला चालतंय अन् तुझ्या पोटाला चालंना व्हय रं?"

असा हशा पिकला की बाबाचा फेटा लटपटला. सगीरा कबरीच्या पायथ्याशी उभी राहून बोलली.

"हे रक्त नाय. जंतू आहेत, डोळ्याला न दिसणारे, पण लाखोंनी जमले की लाल दिसतात. त्यांना तीन गोष्टी लागतात. ओल, ऊब अन् खाऊ. ओल आपण देतो, श्वासानं, घामानं. ऊब ह्या दिव्यांची. अन् खाऊ हे महाराज, गुलमंडीतले पुंजाराम चादरवाले, घालतात, दूध अन् गूळ! जुनी लाली हाताला लावून नव्या जागी पेरतात, मग सांगतात सरदार कानात बोलला. आता एक काम करा. जरा वर बघा."

इतक्या गुरुवारांत पहिल्यांदाच सगळ्यांनी माना वर केल्या.

हॅलोजनच्या बरोबर वर छत शेवाळानं हिरवंगार झालं होतं, पावसाळी डबक्यासारखं. कडेला चुना फुगला होता. वेल मधेच तुटलेली. कुठं पान, कुठं देठ, अन् बाकी नुसते पांढरे व्रण.

अब्बा पुढं गेले अन् बाबासमोर हात पसरला. "किल्ली."

"गयासभाई, आपण दोघं मिळून..."

"किल्ली!"

किल्ली मिळाली. लाल दोऱ्यांची पिशवी काखेत मारून पुंजाराम गर्दीतून वाट काढत पळाला. "चादर विसरली तुझी!" कुणीतरी मागून ओरडलं.

सांडू ओलं फडकं घेऊन भिंतीकडं निघाला. सगीरा आडवी आली. "नको काका! घासलं तर उरलेला रंगही जाईल. जुन्या रंगकामाच्या जाणकारांना मी बोलावलंय, ते बघतील. तोवर दिवे बंद अन् आपण बाहेर."

दिवे विझले. माणसं वर आली. अब्बांनी कुलूप लावलं अन् म्हणाले, "बुजुर्ग बरोबर सांगायचे, बेटा. मुर्द्याला दम लागतो."

"मुर्द्याला काही होत नाय, अब्बा. वेलीला होतं. बुजुर्गांनी दार बरोबर बंद केलं, पण का ते सांगितलं नाय. अन् आपण विचारलं नाय. म्हणून तर एका चादरवाल्यानं ते उघडलं." ती लोकांकडं वळली. "उद्या दुसरा कुणी येईल, हिरवाबाबा नायतर निळाबाबा. माझ्यावर पण विश्वास ठेवू नका. त्याला विचारा, मला विचारा. दोन डबे मांडा अन् बघा."

अब्बांनी चुना कालवला अन् दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. सारजाबाईला वाचता येत नव्हतं.

"काय लिव्हलंस गयासभाऊ? आत जाऊ नका, एवढंच?"

"नाय सारजाबाई. आपल्या श्वासानं अन् दिव्यानं आतला रंग मरतो, म्हणून दार बंद आहे."

"म्हंजी का ते बी लिव्हलं."

"व्हय. या वेळी का ते बी लिव्हलं."