उतरणारी बॅटरी

आदल्या दिवशी सगळं नेहमीसारखं होतं. भगवंतरावांनी मेथीच्या जुड्या गाडीच्या डिकीत कोंबल्या, लेकीला, प्रतीक्षाला म्हणाले, "तू पुस्तक वाच, मी गिऱ्हाइकाचं तोंड वाचतो," आणि अमडापूरच्या बाजाराला निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या छातीत कळ आली, आणि त्याच गाडीत, चिखलीच्या दवाखान्याच्या वाटेवर, पुढच्या सीटवर त्यांनी मान टाकली. गाडी प्रतीक्षा चालवत होती.

तेरवी झाली आणि गाडी बसली. किल्ली फिरवली की नुसती टिकटिक. तिच्या आईचं, गीताबाईंचंही हृदय अधू. कळ आली तर वेळ घालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. शेतातल्या त्या घराजवळ दुसरं वाहन नव्हतं. उजाडलं की चहाआधी प्रतीक्षा किल्ली फिरवून बघायची.

अमडापूरच्या मेकॅनिक जानरावांनी नवी बॅटरी बसवली. आठवडाही गेला नाही, तीही उतरली. त्यांनी ती चार्ज करून आणली, एक तार सोडून मध्ये मीटर लावला, एकेक फ्यूज काढून पाहिला. काटा जागचा हलला नाही.

"ताई, बंद गाडीत करंट कुठंच जाऊन नाही राह्यला. आता भूतच बॅटरी पेत असन."

"तुमच्यासारखं चहा पेणारं भूत नाही का भेटत, जानरावभाऊ?"

जानराव हसत गेले. प्रतीक्षाला मात्र ते भूत डोक्यातून काढता येईना. दिवसा तपासली तर गाडी ठीक असते, मग अंधार पडल्यावर तिच्यात काय होतं? त्या विचारात रोज संध्याकाळी गाडीवर चढवायचं कव्हरही राहून गेलं.

दिवेलागणीला ती न्हाणीतून बाहेर आली तर आई घरात नव्हती. हाक मारली, ओ नाही. गोठ्यातही नाही. ती अंगणात आली. बंद गाडीच्या आत पिवळा उजेड होता. मागच्या सीटवर गीताबाई, कपाळ पुढच्या सीटला टेकलेलं, डोळे मिटलेले.

प्रतीक्षानं दार ओढून उघडलं. "आई! आई वं!"

गीताबाईंनी दचकून वर पाहिलं. "काऊन वरडते? डोळा लागलता जरासा."

"हा लाइट कोणी लावला?"

"म्याच लावते रोज, कव्हराखाली. पहाटे तू उठाच्या आंधी इझवते." त्या ओशाळल्या. "घरात दहा दिवस दिवा ठेवला, पण त्याइचा जीव तं इथं गेला ना! तेलवातीनं गाडी पेटन, म्हणून हा. तू शिकलेली, हसशीन म्हणून सांगतलं नाही."

प्रतीक्षा हसली नाही. बॅटरीचंही काही बोलली नाही. ती आईशेजारी आत बसली, तिचं मनगट घट्ट धरलं. नाडी चालू होती. तरी तिचा हात सुटेना. बाप गेल्यापासूनच्या, किल्ली फिरवून पाहिलेल्या त्या सगळ्या सकाळी तिला आठवल्या.

"आई," ती म्हणाली, "मले लय भेव वाटते वं. तूही अशीच जाशीन, माह्या हातावर, म्हणून."